पाण्यात एकट्याने उतरावे की सोबत्यासह?

पोंभुर्णा परिसरात पाणी फार दूर नसते. वैनगंगा आणि अंधारी या नद्या, गावोगावचे मामा तलाव, बोड्या आणि शेतातल्या विहिरी रोजच्या वापरातल्या आहेत. मासे धरायला, शिंगाडे काढायला, जनावरे धुवायला किंवा उन्हाळ्यात आंघोळीला अनेक जण एकटेच पाण्यात उतरतात. “मला चांगले पोहता येते,” असे त्यांचे म्हणणे असते. पण एकट्या माणसाला पाण्यात असणारा धोका फक्त पोहता न येण्याचा नसतो. शुद्ध हरपली तर उत्तम पोहणाराही स्वतःला वाचवू शकत नाही.

भारतात दरवर्षी ३५ हजारांहून अधिक लोक बुडून दगावतात. यातले कितीतरी मृत्यू टाळता येण्यासारखे असतात.

स्कूबा डायव्हिंगमधला जोडीदाराचा नियम

स्कूबा डायव्हिंग म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाणे. महाराष्ट्रात मालवण-तारकर्लीला अनेक पर्यटक याचा अनुभव घेतात. तिथे नवख्या माणसासोबत प्रशिक्षक असतो. प्रशिक्षण घेतलेले लोकही सहसा जोडीने उतरतात. पाण्यात जाण्याआधी ते एकमेकांची साधने तपासतात, खाली एकमेकांच्या नजरेत राहतात आणि एकाची हवा संपली तर दुसरा आपल्या टाकीतून त्याला हवा देतो.

एकट्याने डायव्हिंग करणारेही काही असतात. त्यासाठीच्या वेगळ्या अभ्यासक्रमांना साधारणपणे १०० डुबक्यांचा अनुभव लागतो, शिवाय हवेचा स्वतंत्र दुसरा साठा सोबत ठेवावा लागतो. तरीही एक धोका उरतोच. बेशुद्ध झालेला माणूस तो दुसरा साठा वापरू शकत नाही. समुद्रातल्या अनुभवी माणसाला लागू असलेली ही गोष्ट गावच्या तलावालाही तितकीच लागू आहे.

बुडताना शरीरात काय होते?

- बुडणारा सहसा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर खाली-वर होत असते. श्वास घेण्यातच सगळी ताकद जाते. एका मिनिटाच्या आत माणूस दिसेनासा होऊ शकतो.
- मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तर साधारण ४ ते ६ मिनिटांत इजा होऊ लागते. म्हणून बाहेर काढणारा माणूस जवळ असावा लागतो. गावात धावत जाऊन कुणाला बोलावून आणेपर्यंत ही वेळ निघून जाते.
- दम धरण्याची पैज घातक असते. मुले पाण्याखाली जाण्याआधी भराभर खोल श्वास घेतात. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना उशिरा मिळते. त्याआधीच प्राणवायू संपून मूल बेशुद्ध होते. हे कमरेइतक्या पाण्यातही घडू शकते.

कोणी एकट्याने मुळीच उतरू नये?

- मिरगीचे (फिट येण्याचे) रुग्ण. त्यांना बुडण्याचा धोका इतरांपेक्षा अनेक पटींनी जास्त असतो. औषधे नियमित चालू असली तरी विहिरीवर, नदीवर किंवा तलावावर त्यांच्यासोबत कोणीतरी हवेच.
- हृदयविकार, चक्कर किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास असलेले लोक
- इन्सुलिन घेणारे मधुमेही. साखर एकदम कमी होऊ शकते.
- दारू किंवा गुंगी आणणारे औषध घेतलेली व्यक्ती
- लहान मुले. मोठ्या भावंडाची सोबत पुरेशी नाही, जबाबदार मोठा माणूस हवा.

सोबती कसा असावा?

स्कूबामध्ये जोडीदार पाण्यात असतो, कारण त्याच्याकडे स्वतःची हवा असते. नदी-तलावावर मात्र एक जण काठावर असणे अधिक सुरक्षित. बुडणारा माणूस जिवाच्या आकांताने मदतीला आलेल्याला मिठी मारतो आणि दोघेही खाली जातात. एकाला वाचवायला एकामागून एक उड्या मारल्याने एकाच घरातले दोघे-तिघे दगावतात.

काठावरच्या सोबत्याने:

१. नजर पाण्यावर ठेवावी, मोबाइलवर नाही.
२. लांब दोरी, बांबू आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन किंवा हवा भरलेली ट्यूब जवळ ठेवावी.
३. कोणी बुडू लागल्यास ओरडून लोकांना बोलवावे. कॅन फेकावा, बांबू पुढे करावा. काही नसेल तर साडी किंवा लुंगी फेकावी. ओढताना आडवे पडावे, म्हणजे स्वतः आत ओढले जाणार नाही.

कामासाठी एकट्यानेच जावे लागत असेल तर?

मासेमारी करणाऱ्यांना रोज सोबती मिळेलच असे नाही. निदान डोंग्यात लाइफ जॅकेट घालून बसा. कुठे जात आहात आणि कधी परतणार हे घरी सांगा. जाळे अडकले म्हणून एकट्याने पाण्याखाली जाऊ नका. वैनगंगेत रेती उपशामुळे झालेले खड्डे वरून दिसत नाहीत. पावसाळ्यात गोसीखुर्द धरणातून पाणी सोडल्यावर पातळी वाढते. तशी सूचना आली असल्यास नदीत उतरू नका.

बाहेर काढल्यावर काय करावे?

१. हाक मारा, श्वास चालू आहे का ते पाहा. कोणाला तरी १०८ वर फोन करायला सांगा.
२. श्वास नसेल तर उताणे झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने २ ते ५ श्वास द्या.
३. मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबा. मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा हा वेग ठेवा. त्यानंतर २ श्वास द्या. मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा.
४. पोट दाबू नका, उलटे टांगू नका, खांद्यावर घेऊन फिरवू नका. त्यात मोलाची मिनिटे वाया जातात आणि पोटातले अन्न-पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते.
५. श्वास चालू असून शुद्ध नसेल तर कुशीवर वळवून ठेवा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

बुडता बुडता वाचलेल्या माणसाला बरे वाटत असले तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फुप्फुसात पाणी गेले असल्यास काही तासांत दम लागू शकतो. खोकला, धाप, छातीत दुखणे, उलट्या किंवा जास्त झोप येणे दिसल्यास वाट पाहू नका.

घरात मिरगी किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल तर पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना तो पाण्याजवळ काय काम करतो हे सांगा. विहीर, तलाव किंवा नदीवर जाताना त्याच्यासोबत कोण जाणार, हे घरातल्यांनी आधीच ठरवून ठेवा.