नावेचा उच्छ्वास : धुराड्यापासून सायलेन्सरपर्यंत

शेणव्याच्या परिसरांतून समुद्र दिसत नाहीं. तथापि समुद्राशीं आपला कांहींच संबंध नाहीं असें मात्र म्हणतां येणार नाहीं. शहापूर तालुक्यांतील भातसा नदी काळू नदीस मिळते, काळू उल्हासेस मिळते, आणि उल्हासेचा मुख्य ओघ वसईच्या खाडीनें अरबी समुद्रास जातो. त्या खाडीच्या मुखाच्या आसपास, वसई व उत्तन येथें, आपले ख्रिस्ती कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या मासेमारी करीत आले आहेत. आज त्यांच्या नावांत इंजिन आहे. इंजिनाच्या बळाची वाखाणणी सर्वच करितात. परंतु त्याचा धूर बाहेर नेणाऱ्या नळाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. ज्या यंत्रास श्वास सोडण्याची वाट नीट करून दिलेली नसते, तें यंत्र स्वतःचा, नावेचा आणि नावेंतील माणसांचा घात करितें. म्हणून ह्या दुर्लक्षित नळाचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८२९ सालीं पाण्यांत उतरली, आणि १८३० च्या मार्च महिन्यांत ती सुएझच्या दिशेनें निघाली. अशा आगबोटींचें उंच धुराडें केवळ शोभेचें नसे. तापलेला धूर हलका असल्यामुळें वर चढे, आणि त्या ओढीनें भट्टींत ताजी हवा शिरे. धुराडें बुजलें कीं विस्तव मंदावे. आपल्या घरांतील चूल ह्याच नियमानें पेटते.

पुढें जर्मनींत निराळ्याच जातीचें यंत्र जन्मास आलें. १८८६ सालीं डाइमलर ह्यानें आपलें इंजिन एका लहान नावेंत बसवून तें नेकार नदीवर चालविलें; १८९७ सालीं रुडॉल्फ डीझेल ह्याचें इंजिन आउग्सबुर्ग येथें यशस्वी झालें. ह्या यंत्रांत विस्तव भट्टींत नसून नळकांड्याच्या पोटांतच असतो, आणि दट्ट्या स्वतःच धूर बाहेर लोटतो. तेव्हां ओढीसाठीं उंच धुराड्याची गरज उरली नाहीं. १९१२ सालीं कोपनहेगनहून बँकॉकच्या सफरीस निघालेल्या ‘सेलँडिया’ ह्या डीझेल जहाजास धुराडेंच नव्हतें. तिचा धूर डोलकाठीच्या पोकळींतून वर सोडलेला होता. ओढीची अडचण गेली. परंतु उष्णता, आवाज आणि विष हीं तीन संकटें शिल्लक राहिलीं.

आपल्या देशांत १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. १९५१ पासून सुरू झालेल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेंत मासेमारीच्या नावांना इंजिनें बसविण्याचें कार्य हातीं घेण्यांत आलें. १९५२ च्या करारान्वयें केरळांतील नींडकरा येथें नॉर्वेच्या साहाय्यानें असाच उपक्रम चालला. आपल्या किनाऱ्यावरही शिडाच्या नावांत हळूहळू इंजिनें आलीं. शिडाच्या नावेस बुडीं भोंक नसे. इंजिन मात्र पुष्कळदा पाण्याच्या रेषेखालीं बसतें. त्यास थंड ठेवण्यास समुद्राचें पाणी आंत घ्यावें लागतें, आणि त्याचा धूर बाहेर सोडावा लागतो. एका नावेंत अग्नि व जल ह्यांना शेजारीं नांदवावयाचें, हीच खरी अडचण होय.

ह्यावर दोन उपाय आहेत. पहिला कोरड्या नळाचा. ह्यांत लोखंडी नळ, ज्यास आपले लोक सायलेन्सर म्हणतात, केबिनीच्या वर उभा काढितात. रचना साधी, परंतु भार पडला असतां डीझेलचा धूर चारशें ते पांचशें अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. लांकडी तक्तपोशींतून असा नळ नेतांना भोंवतीं मोकळी जागा व उष्णता अडविणारें वेष्टन हवें. पूर्वीं ह्यासाठीं ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळीत; तिची धूळ फुप्फुसांस घातक ठरल्यामुळें काचतंतूचें वेष्टन बरें. इंजिन थरथरतें, म्हणून नळाचा एक तुकडा लवचीक असावा लागतो. नाहीं तर सांधा तडकतो. नळाच्या तोंडावर झांकण नसल्यास पावसाचें पाणी थेट इंजिनांत उतरतें.

दुसरा उपाय ओल्या नळाचा. इंजिन थंड करून परतलेलें समुद्राचें पाणी धुराच्या नळांतच सोडतात. धूर इतका निवतो कीं पुढें रबरी नळी चालते, व आवाजही मावळतो. परंतु येथें दक्षता अधिक हवी. पाणी नळांत शिरण्याची जागा समुद्राच्या पातळीहून पुरेशी उंच असावी; तसें न साधल्यास पाण्याची नळी उंच कमानीसारखी वळवून तिच्या माथ्यावर हवेची झडप ठेवावी. नळ इंजिनापासून उतरता घेऊन पाणी सांठविणाऱ्या पेटींत सोडावा, तेथून पुन्हा उंच वळण देऊन मग बाहेर काढावा. म्हणजे मागून आलेली लाट आंत शिरत नाहीं. नळ अरुंद किंवा फार वळणांचा झाला तर धूर कोंडतो, इंजिन तापतें व तेल अधिक जळतें. इंजिन सुरू होत नसतां वारंवार फिरविल्यासही पेटी भरून पाणी मागें नळकांड्यांत शिरतें. पाणी दाबलें जात नाहीं. दट्ट्याचा दांडाच वांकतो. कर्ज काढून घेतलेलें इंजिन असें एका क्षणांत निकामी होतें, आणि हप्ते मात्र चालूच राहतात.

सर्वांत मोठें भय विषाचें. धुरांत कार्बन मोनॉक्साइड वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील लाल द्रव्यास तो प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डीझेलच्या धुरांत तो पेट्रोलपेक्षां कमी असतो, परंतु मुळींच नसतो असें नाहीं. नळाचा सांधा गळका असेल आणि खलाशी बंद केबिनींत निजले असतील, तर त्यांस जाग येईलच असें नाहीं. शिवाय चालत्या नावेमागें हवेची पोकळी होऊन मागें सोडलेला धूरही आंत ओढला जातो.

हा वायु केवळ समुद्रावर फिरत नाहीं. हिंवाळ्यांत दारें लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवून निजणें, अथवा विहिरींत उतरून डीझेल पंप चालविणें, ह्यांत तोच मृत्यु दबा धरून असतो. म्हणून वाचक बंधुभगिनींनो, शेगडी असलेल्या खोलींत हवेस वाट ठेवा. पंप विहिरीबाहेर उघड्यावर ठेवा. आणि किनाऱ्यावरील आपल्या नातलगांस सांगा कीं प्रत्येक फेरीपूर्वीं नळाचे सांधे पाहावे, सांध्याशीं काजळी दिसल्यास ती गळती समजावी, आणि नळांतून पाणी पडेनासें झाल्यास तत्काळ इंजिन बंद करावें. नावेस वेग देणारा कारागीर हुशार खरा. परंतु तिचा उच्छ्वास सुखरूप बाहेर नेणारा कारागीर, नाखव्याच्या घरचीं माणसें किनाऱ्यावर वाट पाहत आहेत हें विसरत नाहीं.