घरघर नको, पण आवाज तोच हवा

आपल्या पॉडकास्टच्या सुरुवातीला वाजणारी गिटार मी बेलव्ह्यूमधल्या माझ्या फ्लॅटमध्ये रेकॉर्ड केली. चार सुरांची साधी फ्रेज होती. फाइल पाठवल्यावर एडिटिंग करणाऱ्या मित्राचा मेसेज आला : "मस्त झालंय. पण मागे फ्रिज चालू होता का?"

फ्रिज दुसऱ्या खोलीत होता. ती घरघर गिटारचीच होती.

माझ्या गिटारला सिंगल-कॉइल पिकअप आहेत. घरघर थांबवणारे पिकअप बाजारात भरपूर मिळतात आणि प्रत्येकाच्या जाहिरातीत एकच वचन असतं : आवाज जुना, अस्सल, पण घरघर शून्य. हे वचन खरं आहे का, हे शोधायला मी निघाले आणि सवयीप्रमाणे इतिहासात शिरले. त्यात आवाजातली घरघर काढण्याचा माझा एक जुना अनुभव वाईट आहे. तो शेवटी सांगते.

आधी घरघर येते कुठून ते पाहू. पिकअप म्हणजे सहा छोटी लोहचुंबकं आणि त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर गिटारची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते. शाळेतला फॅरेडेचा नियम, बस्स. अडचण एवढीच, की या कॉइलला गिटारची तार आणि भिंतीतलं वायरिंग यांतला फरक कळत नाही. बदलणारं चुंबकीय क्षेत्र दिसलं की ती इमानदारीत तेही ऐकवते.

अमेरिकेत विजेची फ्रीक्वेन्सी 60 हर्ट्झ, भारतात 50. ज्यांच्या घरी पेटी होती त्यांच्यासाठी : 50 हर्ट्झ म्हणजे अगदी खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर, आणि 60 हर्ट्झ म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध, धड कुठेच नाही. पुण्याहून गिटार घेऊन इथे आलात तर गिटार तीच राहते, घरघरीची पट्टी बदलते. आमच्याकडे वीज देणारी प्युजेट साउंड एनर्जी बेलव्ह्यूचीच कंपनी. पूर्वेला स्नोक्वाल्मी धबधब्यावर तिचं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेलं वीजकेंद्र आहे. माझ्या अँपमधून जे घुमतं त्यात त्या धबधब्याचाही थोडा वाटा असणार.

ही कटकट इलेक्ट्रिक गिटारइतकीच जुनी आहे. 1930 च्या आसपास मोठ्या बँडमध्ये ब्रासपुढे गिटार ऐकूच येत नसे. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशाँ आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी नालाच्या आकाराचं चुंबक आणि एक कॉइल वापरून त्यावर उपाय काढला. पेटंट 1937 मध्ये मिळालं. ती गिटार मांडीवर आडवी ठेवून हवाइयन पद्धतीने वाजवायची होती. मुंबईच्या सिनेसंगीतात व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी पुढे हीच पद्धत घराघरांत पोचवली.

मग आला लिओ फेंडर, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा. 1954 च्या त्याच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तीन सिंगल-कॉइल होत्या. आज ज्याला 'व्हिंटेज टोन' म्हणतात तो मुख्यतः इथला. तो कुणी प्रयोगशाळेत बसून ठरवला नव्हता. तार, चुंबकं जी मिळत होती ती घेतली. मशीन फिरायचं आणि कामगार, बहुतेक बायका, बोटांनी तारेला दिशा द्यायच्या. 1956 मध्ये कामाला लागलेल्या अॅबिगेल इबारा यांनी अनेक दशकं हे काम केलं. त्यांनी गुंडाळलेल्या कॉइल आज संग्राहक शोधत फिरतात. हाताने सोडलेली तार एकसारखी बसत नाही, प्रत्येक पिकअप जरा वेगळा होतो. म्हणजे तो 'क्लासिक' आवाज हा परवडणारा माल, कामाची घाई आणि कुणाच्या तरी बोटांची सवय यांतून आला. घरघर त्याच पॅकेजमधली.

घरघरीवरचा इलाजही त्याच दशकातला. मिशिगनमधल्या कालामाझूला गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाचा इंजिनिअर होता. त्याने एकाऐवजी दोन कॉइल शेजारी-शेजारी ठेवल्या. दुसरीचे वेढे उलट आणि तिचं चुंबकही उलट. गिटारच्या तारेचा सिग्नल दोनदा उलटला, म्हणजे सुलटाच झाला आणि पहिल्यात मिसळला. भिंतीतल्या घरघरीला चुंबकाशी देणंघेणं नाही, ती एकदाच उलटली आणि पहिल्या कॉइलमधल्या घरघरीला खाऊन बसली. याला हमबकर म्हणतात. अर्ज 1955 चा, पेटंट 1959 चं. मधल्या काळात 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' असं स्टिकर लागलेले पिकअप आज सर्वांत महाग.

पण किंमत मोजावी लागलीच. दोन कॉइल तारेचा जास्त लांब तुकडा ऐकतात, त्यामुळे वरचे काही बारीक स्वरांश एकमेकांना मारतात. वेढे वाढले की तीक्ष्णपणाही कमी होतो. आवाज जाड, गोड, पण स्ट्रॅटची ती काचेसारखी किणकिण गेली. म्हणूनच सिंगल-कॉइल मेली नाही. सिअॅटलमध्ये जन्मलेला जिमी हेंड्रिक्स घरघरीसकट स्ट्रॅटच वाजवत राहिला. त्याची कबर रेंटनला आहे, माझ्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर.

त्यानंतरचे सगळे प्रयत्न म्हणजे 'घरघर घालवा पण किणकिण ठेवा'. कुणी कॉइलवर कॉइल रचून दुमजली पिकअप केला : खालची कॉइल तार फारशी ऐकत नाही, घरघर मात्र पूर्ण ऐकते, म्हणून ती उलटी जोडून वजा करायची. 1987 च्या लेस सेन्सरने कमजोर चुंबकं आणि धातूची आवरणं वापरली. वर्षभरात एरिक क्लॅप्टनच्या नावाच्या फेंडरमध्ये तेच बसले. कुणी गिटारच्या पाठीमागच्या झाकणात मोठ्या घेराची, थोड्या वेढ्यांची वेगळी कॉइल बसवली. आतून तांब्याची पट्टी चिकटवणं हा घरगुती उपाय. त्याने डिमर-ट्यूबलाइटची चरचर कमी होते, पण वायरिंगच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी घरघर त्या पातळ पट्टीला दाद देत नाही.

मी दोन दुमजली सेट वाजवून पाहिले. बँडमध्ये वाजवताना मला फरक कळला नसता. एकटी बसून हळू वाजवताना कळला. कारण सरळ आहे : घरघर ज्या कॉइलमधून येते, आवाजही तिथूनच येतो. एकीला हात लावला की दुसरा थोडा हलतोच. 'तोच आवाज, शून्य घरघर' हे वचन पूर्ण खरं होऊ शकत नाही. 'जवळपास तोच' हे मात्र आज नक्की मिळतं.

आता तो वाईट अनुभव. काही वर्षांपूर्वी मी कोल्हापूरच्या माझ्या आजीची एक कॅसेट डिजिटाइज केली. नव्वदच्या दशकातली, तिच्या लहानपणाबद्दलच्या गप्पा. मागे घरघर होती. सॉफ्टवेअरवर 60 हर्ट्झचा फिल्टर लावला, काही झालं नाही. इथे राहून मी विसरलेच होते की ती घरघर 50 ची आहे. मग 50, 100, 150, 200 असं सगळं कापलं आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं. घरघर गेली. आजीचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला, कारण बाईमाणसाचा आवाज याच पट्ट्यात सुरू होतो. पुन्हा डिजिटाइज करायला गेले तोवर कॅसेटची टेप गुंतून तुटली होती.

फॉरेन्सिक लॅबमध्ये याच घरघरीतले बारीक चढउतार वीजजाळ्याच्या नोंदींशी ताडून रेकॉर्डिंग कधीचं ते शोधतात, हे मला नंतर कळलं. मी जे कचरा म्हणून फेकलं, त्यात 'हे भारतात, घरी, वीज असताना रेकॉर्ड झालं' एवढी नोंद तरी होती.

म्हणून पिकअप बदलले नाहीत. माझ्या गिटारचा मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा आहे. तो शेजारच्याबरोबर वाजवला की दोघं मिळून हमबकर होतात, घरघर जाते. एकच पिकअप हवा असेल तेव्हा मी खुर्ची फिरवत बसते. एका विशिष्ट कोनात घरघर निम्म्याहून कमी होते. माझ्या फ्लॅटमध्ये तो कोन खिडकीकडे पाठ करून आहे.

शीर्षक-संगीत नव्याने रेकॉर्ड केलं. मित्राने पहिल्या सुराआधीची उरलीसुरली घरघर कापली, ते ठीकच केलं. मूळ फाइल मात्र मी वेगळी ठेवली आहे, दोन ठिकाणी. तुमच्याकडे घरच्या माणसांची जुनी रेकॉर्डिंग असतील तर साफ करण्याआधी तेवढं करा.