कॉलनी (चंदीगड)

कॉलनी : (स्त्री.; अ. व. कॉलन्या). नव्याने वसलेली वा वसवलेली वस्ती. लॅटिन ‘कोलोनिया’पासून इंग्रजीमार्गे मराठीत, मूळ धातूत जमीन कसण्याचा अर्थ आहे. मराठीत शब्दाला बहुधा प्रतिष्ठा : दादरच्या हिंदू व पारशी कॉलन्या, गावोगावच्या रेल्वे कॉलन्या. साम्राज्याच्या संदर्भात ‘वसाहत’ रूढ.

चंदीगडमध्ये बोलण्यातला वापर पुष्कळदा याच्या उलट. आखीव भाग तो सेक्टर (सुमारे ८०० × १२०० मीटर). सेक्टरांच्या वेढ्यात सापडलेली बुडैल, अटावा ही जुनी गावे. आणि मजुरांची अनधिकृत किंवा पुनर्वसित वस्ती ती कॉलनी. मध्यमवर्गीय वस्त्यांनाही हे नाव क्वचित आढळते.

फाळणीत लाहोर गेल्यावर पंजाबसाठी नवे शहर उभे राहिले. आराखडा ल कॉर्बुझिए व सहकाऱ्यांचा. उद्घाटन ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते. पहिल्या टप्प्यात दीड लाख, एकूण पाच लाख वस्ती गृहीत धरली होती. सरकारी घरांच्या उतरंडीत मंत्र्यापासून शिपायापर्यंत सोय होती. शहर बांधणाऱ्या मजुरांसाठी कायमचे घर नव्हते. काम संपले की ते परततील, असे धरले गेले असावे. ते परतले नाहीत. बाहेर सरकावे, तर १९५२ च्या परिघ-नियंत्रण कायद्याने भोवतालच्या पट्ट्यातील बांधकामालाही अटकाव केलेला. या वस्त्यांचा सविस्तर अभ्यास मधु सरीन यांनी केला (ग्रंथ १९८२). शहराच्या इतिहासात त्याला वास्तुरचनेच्या वर्णनांइतकेच स्थान हवे.

काही कॉलन्यांना नावाऐवजी क्रमांकच मिळाले. (उल्हासनगरच्या निर्वासितांच्या पत्त्यांतही ‘कॅम्प नंबर’ टिकून आहे.)

पुनर्वसन : १९७९ ची परवाना योजना, २००६ ची लहान सदनिका योजना, तीत बायोमेट्रिक पाहणीवरून पात्रता.

कॉलनी क्रमांक ५ नोव्हेंबर २०१३ मध्ये हटवली. तेथील अनेक पात्र कुटुंबे धनासला गेली. कॉलनी क्रमांक ४ वर १ मे २०२२ रोजी, कामगार दिनीच, बुलडोझर चालले; पात्र ठरलेल्यांना मलोयात घरे देण्यात आली. २००६ च्या योजनेतील सदनिका मालकीची नसून परवान्यावर, मासिक शुल्क भरून मिळते. धनासच्या पक्क्या इमारतींनाही लोक कॉलनीच म्हणतात.