उसाचं पातं आणि अठरा तास

ऊसतोड सुरू झाली, की आपल्या कृष्णाकाठी कराडपासून वाळवा-पलूसपर्यंत डोळ्याला फडकं बांधलेली एखादी तरी बाई दिसतेच. उसाच्या पात्याला करवतीसारखी धार. सपकन लागतं, डोळ्यातून पाणी येतं, आणि बाई पदरानं डोळा पुसून पुढची मोळी बांधायला घेते. तिकडं माणदेशात, जतला, ज्वारी उफणताना तूस उडतं. दुखणं तेच. यातून डोळ्यात जे ‘फूल’ पडतं, त्याची गोष्ट जुनी आहे आणि ती फक्त आपली नाही.

जर्मनीत १८७९ साली थिओडोर लेबर नावाच्या डॉक्टरांनी एका शेतकऱ्याची हकीगत लिहून ठेवली. मळणी करताना ओट धान्याचं तूस त्याच्या डोळ्यात गेलं आणि जखम चिघळली. त्या जखमेत लेबर यांना बुरशी सापडली. तूस एकटं येत नाही, आपल्याबरोबर बुरशी आणि जंतू घेऊन येतं.

बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर आरपार दिसतं. पहिला पहारा अश्रूंचा. जंतू फोडणारा लायसोझाइम नावाचा पदार्थ अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये जगापुढं मांडला. पुढं त्यांनी अश्रूही तपासले, आणि अश्रू मिळावेत म्हणून प्रयोगशाळेतल्या माणसांच्या डोळ्यांत लिंबू पिळलं! पेनिसिलिन त्यानंतर सहा वर्षांनी सापडलं.

पण पडद्यावर ओरखडा उठला, की जंतू आत शिरतात. मग कडेच्या रक्तवाहिन्यांतून पांढऱ्या पेशी धावत येतात. त्या जंतूंना मारतात खऱ्या, पण त्या लढाईत पडद्याचाही नाजूक थर विरघळतो. जखम भरते आणि पांढरा डाग उरतो. तेच आपलं फूल. म्हणजे अर्धं नुकसान जंतूंचं आणि अर्धं आपल्याच राखणदारांचं.

मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला. मोतीबिंदू काढून घ्यायला तिथं लांबून माणसं येत. पण चिघळलेल्या बुबुळावर तेव्हा जगात कुठंच खात्रीचं औषध नव्हतं. पेनिसिलिनसारखी औषधं हाताशी यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं.

आता औषधं आहेत, तरी डोळे जातातच. आमच्या एका गटातल्या मावशींना पात लागली, तेव्हा त्यांनी आधी मध घातला, मग कुणाच्या तरी अंगावरचं दूध. चौथ्या दिवशी दुकानातून लाली घालवायचे थेंब आणले. त्यात स्टेरॉइड होतं. लाली गेली, मावशींना बरं वाटलं. पण लाली म्हणजेच तर पांढऱ्या पेशींची धावपळ! राखणदार झोपवले आणि चोराला घर मोकळं. तो डोळा आता फक्त उजेड ओळखतो.

म्हणून मला नेपाळमधल्या भक्तपूरची हकीगत फार मोलाची वाटते. तिथं डॉ. मदन उपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच कार्यकर्त्यांना डोळ्यावरचा ओरखडा ओळखायला शिकवलं आणि क्लोरॅम्फेनिकॉलचं साधं मलम दिलं. दिवसातून तीनदा, तीन दिवस. २००१ मध्ये त्यांनी निकाल छापला. ओरखडा उठलेल्या ४४२ जणांपैकी ९६ टक्के लोक जखम न चिघळता बरे झाले. अठरा तासांच्या आत मलम मिळालेल्यांपैकी तर एकाचाही डोळा चिघळला नाही.

अठरा तास म्हणजे किती, ते आपल्या हिशेबानं सांगते. सकाळी सातला फडात पात लागली, तर रात्री एकपर्यंत. बाई संध्याकाळी घरी येते, भाकऱ्या थापते, आणि ‘सकाळी बघू’ म्हणून झोपते. ते तास तिथंच संपतात.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला आम्ही आशाताईंना बोलावलंय. मुकादमांनाही निरोप दिलाय. येताना त्यांनी फडातल्या बायकांनाही घेऊन यावं.