चोर, चाचे आणि उत्तरार्ध

दिवाळीचा फराळ आणि चोर-चाच्यांची गोष्ट ही जोडी तशी जुनीच. तळघरातला खजिना, काळे शीड, डोंगरातली भुयारे असे काही आले की मुलेच काय, मोठी माणसेही चकलीचा तुकडा हातात तसाच धरून वाचत बसतात. मी अशा कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पण अशा कथेचा उत्तरार्ध लिहायचा झाला की मोठी पंचाईत होते. पूर्वार्धात चोर नुसता चोर असला तरी भागते. उत्तरार्धात मात्र त्याला चोर कोणी ठरवले, हे सांगावे लागते. त्यासाठी कल्पनेचे घोडे दौडवायला नकोत. आमच्या रस्त्याचा इतिहास पुरेसा आहे.

आमची विसरवाडी नवापूर तालुक्यात, सुरतेहून धुळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर. पूर्वेला कोंडाईबारीचा घाट. सुरत बंदरातला माल पूर्वी याच मुलखातून नंदुरबार, बऱ्हाणपूरकडे जाई. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात इकडून गेला आणि नवापूरच्या सुवासिक तांदळाची तारीफ लिहून गेला. या वाटेच्या एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला डोंगर. म्हणजे एकीकडे चाचे आणि दुसरीकडे चोर!

आधी समुद्राकडे पाहू. १६९५ साली हेन्री एव्हरी या इंग्रजाने यात्रेकरूंना घेऊन सुरतेला परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ जहाज लुटले. हा चाचा खराच. त्याच्या देशबांधवांनीही त्याला तेच नाव दिले. पण पुढे हेच नाव त्यांनी कान्होजी आंग्रे यांना चिकटवले. कान्होजी हे छत्रपती शाहूंचे सरखेल. कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांनी आमचे दस्तक घ्यावे, नाही तर गलबत जप्त होईल, असा त्यांचा हुकूम होता. यात नवे काय होते? पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ नावाचा असाच परवाना विकत होते आणि तो नसलेली जहाजे पकडत होते. शिक्का लिस्बनचा असला की कायदा, कुलाब्याचा असला की चाचेगिरी! १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवीत परत गेले. पुढे १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांचा विजयदुर्ग पडला. त्या वेळी पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने होते, ही गोष्ट आपण लपवू नये. किल्ल्यातले सुमारे दहा लाख रुपये इंग्रजांनी आपसांत वाटून घेतले. त्या वाटणीला मात्र लूट म्हणून कोणी हिणवले नाही.

आता डोंगराकडे वळू. घाटाची राखण करायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून त्याबद्दल काही घ्यायचे, हा भिल्ल नाइकांचा जुना हक्क. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. हे हक्क अडचणीत आले, भिल्लांनी शस्त्रे उचलली आणि सरकारी कागदांत ते लुटारू झाले. गंमत पुढेच आहे. १८२५ साली औट्रम या अधिकाऱ्याने त्याच भिल्लांची पलटण उभारली. माणसे तीच, तिरकमठ्याच्या जागी बंदूक आली. कालचे चोर आज शिपाई झाले!

खाज्या नाईक यांच्याकडेही सेंधव्याच्या घाटाची राखण सरकारनेच दिली होती. एका आरोपीच्या मृत्यूवरून त्यांना कैद झाली, नोकरी गेली. १८५७ साली त्यांनी बंड केले आणि ज्या घाटाची राखण केली त्याच घाटात सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. १८५८ च्या एप्रिलमध्ये सातपुड्यात आंबापाणीला इंग्रजांशी मोठी लढाई झाली. १८६० साली त्यांचा अंत झाला.

लुटले जाणारे व्यापारी आणि वाटसरू यांचे हाल खोटे होते असे माझे म्हणणे नाही. ज्याची गोणी गेली त्याला दस्तक कळत नाही आणि हक्कही कळत नाही. पण करणी सारखीच असताना एकाला अधिकारी आणि दुसऱ्याला चोर म्हणायचे, हा न्याय लेखणी ज्याच्या हाती त्याचा असतो. १८७१ साली तर सरकारने कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

लेखणी आता आपल्या हाती आहे. तरीही आपण बोलताना कान्होजींना सहज ‘ते’ म्हणतो आणि खाज्या नाइकांना सहज ‘तो’. हा फरक इंग्रजांनी शिकवलेला नाही, तो आपल्याच तोंडचा आहे. माझ्या वर्गात भिल्ल आणि मावची घरांतली मुले बसतात आणि शिक्षकाच्या तोंडचा एकेक शब्द कान देऊन ऐकतात. म्हणून फळ्यावर खाज्या नाइकांचे नाव लिहिताना मी ‘ते लढले’ असे लिहितो. एका अनेकवचनाने इतिहास बदलत नाही, हे मला ठाऊक आहे; पण मागच्या बाकावरची एखादी मान ताठ होते. उत्तरार्ध तिथून सुरू होतो.