२९ एप्रिल : रासायनिक शस्त्रबंदी करार लागू (१९९७)

रासायनिक शस्त्रबंदी करार आजच्या दिवशी लागू झाला. आपल्याकडे अशी शस्त्रे नाहीत, असे भारताने १९९२ मध्ये पाकिस्तानसोबत लेखी जाहीर केले होते. जून १९९७ मध्ये मात्र मस्टर्ड या रासायनिक अस्त्राचा १,०४४ टन साठा कबूल केला. उशिरा का होईना, पण सरळ कबुली! हा तेलकट द्रव कातडीला लागला, तर काही तासांनी मोठाले फोड येतात. आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या देखरेखीखाली २००९ पर्यंत सगळा साठा नष्ट झाला.

करार कारखान्यांनाही बांधतो. ठरावीक रसायने बनवणाऱ्यांना, मग तो दौंड तालुक्यातल्या कुरकुंभचा कारखाना का असेना, सरकारकडे हिशेब द्यावा लागतो.