बिनविरोध की मोजून?

वसंत ऋतूत व्याख्यानांचा घाट घालण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली ती पुण्यात पाडली. आपल्या लोणावळ्याला तर वसंतही खरा आणि घाटही खरा. तेव्हा येथे बोलावणे आल्यावर नाही म्हणणे आम्हांस जमले नाही. आम्ही इतिहासाचे पंडित नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर आणि पुणे-लोणावळा लोकलच्या डब्यात झाले. म्हणून विषयही कामगारांच्या ओळखीचा घेतला आहे: निवडणूक. मात्र ही निवडणूक चौकात होणारी नव्हे. पक्षाच्या आत, दार लावून होणारी, नेत्याची निवडणूक. १९५६ च्या ऑक्टोबरात मुंबई राज्याच्या काँग्रेस विधिमंडळ पक्षाने आपला नेता निवडला, त्या निवडीची हकीकत आम्ही सांगणार आहोत.

प्रथम एक शंका दूर करू. मुंबईत दार लावून झालेल्या निवडणुकीशी मावळचा संबंध काय? संबंध पोटाचा होता. मुंबईत जेवणाचे डबे पोचविणारी माणसे बहुतेक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली. गिरणीत, गोदीत, हमालीत आपल्या गावचे लोक होते. भाताचे खाचर चार महिने पोसायचे आणि उरलेले आठ महिने मुंबईची मनिऑर्डर पोसायची. म्हणून मुंबई कोणाची, हा प्रश्न दिल्लीच्या कागदावरून निघून मावळातल्या चुलीपर्यंत येऊन भिडला होता.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ च्या ऑक्टोबरात बाहेर आला आणि मराठी माणसाची निराशा झाली. नोव्हेंबरात काँग्रेसने महाराष्ट्र, गुजरात आणि वेगळी मुंबई अशी तीन राज्यांची योजना पुढे केली. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार होऊन १५ माणसे पडली. १ डिसेंबरला फलटणच्या बैठकीत यशवंतराव चव्हाणांनी संयुक्त महाराष्ट्राहून नेहरू मोठे, अशी भूमिका घेतली आणि शंकरराव देवांच्या नेतृत्वावर अविश्वास दाखविला. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित होणार, असे पंतप्रधानांनी जाहीर केले. पुन्हा गोळीबार झाले. या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या शंभराच्या वर गेली. ६ फेब्रुवारीला पुण्यात टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. शेवटी ऑगस्टमध्ये संसदेने तिसराच तोडगा काढला: विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ, गुजरात, महाराष्ट्र आणि मुंबई यांचे एकच विशाल द्वैभाषिक राज्य. हे राज्य १ नोव्हेंबरला सुरू व्हावयाचे होते. त्याचा नेता कोण?

आघाडीचे नाव अर्थातच मोरारजी देसाई यांचे. १९५२ पासून ते मुख्यमंत्री होते. त्या वर्षी ते स्वतःच्या मतदारसंघात अवघ्या १९ मतांनी पडले होते. तरीही पक्षाने त्यांनाच नेता केले, एवढा त्यांचा दरारा. कारभारात शिस्त, वागण्यात करडेपणा, आणि मुंबईच्या गोळीबारामुळे मराठी माणसाच्या मनात त्यांच्याविषयी खोल कडवटपणा. दुसरे नाव भाऊसाहेब हिरे यांचे. नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव भागातील हा शेतकऱ्यांचा पुढारी मोरारजींच्याच मंत्रिमंडळात महसूलमंत्री होता. मावळच्या शेतकऱ्याला हिरे हे नाव ठाऊक नसेल, पण ‘३२ ग’ हा शब्द ठाऊक आहे. १९५६ साली कुळकायद्यात झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत ठरविण्याचे ते कलम. ज्या खाचरांजवळून पुढे द्रुतगती मार्ग गेला आणि ज्यांच्या बांधांवर आज बंगले उभे आहेत, त्यांतल्या कितीतरी सातबाऱ्यांवर कुळाचे नाव मालक म्हणून चढले ते त्या कायद्यामुळे. तिसरे नाव चव्हाणांचे. वय ४३, संघटनेत मुरलेले, शब्द तोलून बोलणारे. आणि फलटणच्या भाषणामुळे स्वतःच्या मुलखात टीकेचे धनी झालेले.

मोरारजींची अट एकच होती. निवड बिनविरोध होणार असेल तरच आपण नेतेपद घेऊ. चुरस होणार असेल तर आपण उभे राहणार नाही. वरवर पाहता ही अट निःस्पृह वाटते. पदासाठी आपण झगडणार नाही, असे तीत दिसते. परंतु तिचा अर्थ आपण उलगडून पाहू. ‘मला सर्वांनी हवा म्हणावे’ असे म्हणण्यात ‘मला कोणी नको म्हणू नये’ हेही आलेच. मोजणीत हरण्याची भीती मोरारजींना असेल असे आम्हांस वाटत नाही. त्यांचे बळ मोठे होते. त्यांना नको होती ती मोजणीच. कारण मोजणी झाली की विरोधाचा आकडा कागदावर येतो, आणि कागदावर आलेला आकडा पुसता येत नाही.

येथे हिरे उभे राहिले. आपण निवडणूक लढविणार, हे त्यांनी सोडले नाही. त्या एका नकाराने बिनविरोधाची इमारत कोसळली आणि मोरारजी बाजूला झाले. मग मोरारजींच्या बाजूचे बळ यशवंतरावांच्या मागे गेले. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी मते मोजली गेली. चव्हाणांना ३३३, हिऱ्यांना १११. बरोबर तिप्पट.

आमच्या कर्जत-लोणावळा चढावर गाडीला मागून इंजिने जोडतात. त्यांना आपण बँकर म्हणतो. घाट संपला की ती सुटतात. गाडी पुण्याला जाते, बँकर जात नाही. मोरारजींचा रस्ता ज्याने अडविला त्याला गादी मिळाली नाही; जो त्या भांडणात पुढे नव्हता त्याला ती मिळाली.

हिऱ्यांवर त्या वेळी आणि नंतरही आक्षेप घेतला गेला, की ही वैयक्तिक महत्त्वाकांक्षा होती. हरणार हे दिसत असता लढणे हा हट्ट होता. महत्त्वाकांक्षा असेलही. राजकारणात उतरलेल्या माणसाजवळ ती नसावी, अशी अपेक्षा आम्ही करीत नाही. पण हरणाऱ्याने लढूच नये, असे एकदा मान्य केले की निवडणुकीचे प्रयोजनच संपते. जिंकणारा ठाऊक असताना जे १११ हात विरुद्ध गेले, त्यांनी नव्या नेत्याला एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळविली: तुझ्या घरातसुद्धा चौघांतला एक तुझ्याबरोबर नाही.

ही गोष्ट आम्हांस पुस्तकाने शिकविली नाही. तळेगावच्या पुढच्या एका कारखान्यात आमच्या युनियनचा अध्यक्ष लागोपाठ तीनदा बिनविरोध निवडून आला. त्या बिनविरोधाचे शिल्पकार आम्हीच. विरुद्ध उभे राहू पाहणाऱ्यांच्या घरी जाऊन, ‘एकी टिकली पाहिजे’ असे समजावून आम्हीच त्यांचे अर्ज मागे घेवविले. पुढे पगाराच्या कराराची वेळ आली. अध्यक्षांनी सही केली, आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर आलेली माणसे विचारू लागली, ‘ह्यांना निवडले कोणी?’ आमच्याजवळ उत्तर नव्हते. मते मोजलीच नव्हती, तर दाखविणार काय? तो करार मोडला, सहा माणसांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्यांतल्या दोघांनी आधी अर्ज मागे घेतला होता, तो आमच्या शब्दावर. आजही त्यांच्या दारावरून जाताना आमची मान खाली जाते. त्यानंतर युनियनच्या निवडणुकीत कोणाचाही अर्ज मागे घ्यावयास आम्ही सांगितलेले नाही.

आता मोजणीने काय झाले ते पाहू. ३३३ मतांनी यशवंतरावांना खुर्ची मिळाली; अधिकार मिळाला नाही. अधिकार दाराबाहेरच्या लोकांजवळ होता, आणि ज्यांच्या मुंबईचा प्रश्न होता त्या डबेवाल्याला, गिरणी कामगाराला ऑक्टोबरच्या त्या मोजणीत मत नव्हते. ते १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मिळाले. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसची दाणादाण उडविली. खुद्द मुख्यमंत्री कऱ्हाडात दोन हजारांच्या आतल्या मताधिक्याने कसेबसे निवडून आले. गुजरात आणि विदर्भ यांच्या आधारावर राज्य टिकले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याच्या अनावरणास पंडित नेहरू आले, तेव्हा समितीच्या प्रचंड निदर्शनांतून लोकमत त्यांना डोळ्यांनी दिसले.

चव्हाणांचे मोठेपण आम्ही येथे मानतो. दोन्ही मोजण्या त्यांनी वाचल्या. विरोधकांना शत्रू न समजता त्यांच्याशी बोलणे चालू ठेवले, आणि द्वैभाषिक लोकांना मान्य नाही हे दिल्लीच्या गळी उतरविण्यात भाग घेतला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. तो कलश त्यांच्या हाती आला हे खरे; पण तो भरला होता हुतात्म्यांनी, समितीने आणि १९५७ च्या मतदारांनी. बिनविरोध निवडून आलेला नेता हे आकडे इतक्या लवकर शिकला असता का, याचा विचार आपणच करावा.

आणि मोरारजी? काळाने त्यांच्याशी विलक्षण खेळ केला. १९६४ साली नेहरूंच्या मागे काँग्रेस अध्यक्ष कामराज यांनी एकमताचा आग्रह धरला आणि मोरारजींना माघार घ्यावी लागली. एकमताची वीट त्यांच्याच पायावर पडली. १९६६ च्या जानेवारीत पुन्हा तसाच आग्रह झाला, तेव्हा मात्र ते म्हणाले, मोजणी होऊ द्या. इंदिरा गांधींना ३५५ आणि त्यांना १६९ मते पडली. मुंबईत १९५६ साली हिरे जेथे उभे होते, तेथेच दहा वर्षांनी दिल्लीत मोरारजी उभे राहिले. १९७७ साली ते पंतप्रधान झाले ते मात्र मोजणीने नव्हे. जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी यांनी खासदारांचा कल अजमावून त्यांचे नाव जाहीर केले. ज्या पक्षात स्पर्धक मोजलेच गेले नाहीत, तेथे स्पर्धा आतल्या आत धुमसत राहिली. १९७९ च्या जुलैत त्या सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव आला. तो मांडणारे विरोधी पक्षनेते होते यशवंतराव चव्हाण. मोरारजींनी राजीनामा दिला.

श्रोतेहो, पक्ष मोठे असोत की आपली पतपेढी, दूध सोसायटी, गावची यात्रा कमिटी वा कामगारांची युनियन असो, ‘बिनविरोध’ हा शब्द ऐकला की आपण टाळ्या वाजवितो. खर्च वाचला, भांडण टळले, याचा आनंद खोटा नाही. कधी कधी खरोखरच सर्वांचे एकमत असते, तेही आम्हांस मान्य आहे. पण टाळी वाजविण्याआधी एवढेच विचारावे, की अर्ज मागे कोणी घेतला, आणि तो कोणाच्या शब्दावर? उत्तर सरळ मिळाले तर खुशाल टाळी वाजवावी. मिळाले नाही, तर १६ ऑक्टोबर १९५६ ची ती १११ मते आठवावीत. ती हरली, पण ती मोजली गेली होती.